वतनासाठीं सांगितलेला पूर्वज

आमच्या घराण्याच्या कुलवृत्तांताचें हस्तलिखित गेले चार महिने आमच्या मेजावर पडून आहे. त्याचे संपादक नात्यानें आमचे चुलत चुलते लागतात. पंचवीस वर्षें गांवोगांव हिंडून, पदरमोड करून त्यांनीं ही सामग्री जमविली. प्रस्तावना मात्र आम्हीं लिहावी, असा त्यांचा आग्रह आहे. ज्या गृहस्थानें उभा जन्म मुलांना वाङ्मय शिकविण्यांत घालविला त्याला दोनचार पानें लिहिणें जड कां जावें, असें त्यांस वाटतें, आणि त्यांत गैर कांहीं नाहीं. परंतु एका पानापाशीं आमची लेखणी अडली, ती अडलीच. त्या पानाकडे येण्यापूर्वीं या जातीच्या ग्रंथांविषयीं थोडें बोललें पाहिजे. कारण अशा प्रकारचें पान एकट्या आमच्याच घराण्यांत असेल असें आम्हांस वाटत नाहीं.

कुलवृत्तांत हा मराठींतला मोठा चमत्कारिक ग्रंथप्रकार आहे. त्याच्या प्रती घरोघर असतात, आणि त्यावर अभिप्राय म्हणून कोठें चार ओळी छापून येत नाहींत. सोयरीक जुळवितांना, कुलस्वामिनीचा ठावठिकाणा शोधतांना, क्वचित् बारशाच्या आदल्या दिवशीं तो फडताळांतून खालीं येतो आणि काम होतांच परत वर जातो. टीकाकार त्याला वाङ्मयांत धरीत नाहींत. इतिहासकार त्याला साधन म्हणतात, पण तेंहि जरा नाक मुरडूनच. वास्तविक त्याचे संकेत महाकाव्याइतके ठाम आहेत. प्रारंभीं गोत्र, प्रवर, मूळ गांव आणि कुलदैवत. मग मूळ पुरुष. मग घडी उलगडून पाहावयाचा वंशवृक्ष. आणि त्यानंतर पिढीवार व्यक्तींची माहिती. इंग्रजी अमदानींत जे मामलेदार झाले त्यांना अर्धें पान, जे अलीकडे परदेशीं स्थायिक झाले त्यांना छायाचित्रासह पाऊण पान, आणि ज्यांनीं गांवीं राहून आंब्याचीं कलमें व भाऊबंदांचे दावे संभाळले त्यांना एक ओळ. या सर्वांचा स्वभाव मात्र एकच असतो. ते धर्मनिष्ठ असतात, परोपकारी असतात आणि करारी असतात. (यांपैकीं तिसऱ्या विशेषणाचा अर्थ घरच्या मंडळींस निराळा ठाऊक असतो, पण तो छापीत नाहींत.) असे ग्रंथ एकामागून एक पांचसहा वाचले म्हणजे मनांत शंका येते, कीं महाराष्ट्रांत जर सगळेच पूर्वज असे होते, तर मग जुन्या न्यायनिवाड्यांतून जे कर्जबुडवे, कज्जेदलाल आणि भावाच्या शेतांत बांध सरकविणारे लोक पावलोपावलीं भेटतात, ते निपुत्रिक वारले कीं काय?

हें असें कां होतें? संपादक लबाडी करतात असें आम्हांस मुळींच म्हणावयाचें नाहीं. त्यांच्याइतके निरिच्छ ग्रंथकार दुसरे नसतील. खोड ज्या कागदांवरून हे ग्रंथ उतरतात त्या कागदांतच आहे. आजोबांचें चरित्र लिहून ठेवावें अशा हौसेनें आपल्याकडे पूर्वीं क्वचितच कोणी बोरू हातीं धरी. घराण्याची हकीकत लिहिली जाई ती बहुधा तंटा पडला म्हणजे. पाटिलकीचा तंटा, देशमुखीचा तंटा, जोशीपणाचा तंटा. तो गोतापुढें अथवा सरकारांत गेला कीं दोन्ही पक्षांनीं आपापली तक्रीर, आपापला करीना लिहून द्यावयाचा. आमचा मूळ पुरुष अमुक, त्यानें रान तोडून वसाहत केली, अमक्या पातशहानें त्यास वतन करून दिलें, इतक्या पिढ्या आम्हीं तें बिनहरकत भोगलें, मध्यें दुष्काळानें आम्ही परागंदा झालों आणि ती संधि साधून प्रतिपक्ष आंत शिरला. पुष्कळशा करिन्यांचें कथानक हें इतकेंच असतें. अशा कागदांत पूर्वज शूर असतो, कारण शौर्याबद्दल इनाम मिळतें. तो उदार असतो, कारण देवळाला दिलेली जमीन हा मालकीचाच पुरावा होतो. आणि तो आपण होऊन गांव कधींहि सोडीत नाहीं, कारण सोडलें म्हणतांच हक्क बुडतो.

पेशवाई गेल्यावर हा प्रकार थांबला नाहीं, उलट वाढला. इनाम कमिशनचें काम पुढें १८५२ च्या अकराव्या कायद्यानें पक्कें झालें, तेव्हां कोणाचें इनाम खरें आणि कोणाचें बनावट याची छाननी घरोघर येऊन ठेपली. ज्यांच्या सनदा होत्या त्यांनीं सनदा काढल्या. ज्यांच्या वाळवीनें खाल्ल्या होत्या त्यांनीं आठवणीवर कैफियती रचल्या. त्या कैफियतींच्या नकला पुढें घरच्या पेटींत राहिल्या, पेटींतून नातवाच्या हातीं आल्या, आणि नातवानें त्या भक्तिभावानें कुलवृत्तांतांत उतरून घेतल्या. मुळांत तें वकिलाचें भाषण होतें, हें नातवास कोण सांगणार? आजहि कागद वर येतात ते दाव्याच्या निमित्तानेंच. २०२३ सालीं न्यायमूर्ति संदीप शिंदे यांच्या समितीनें कुणबी नोंदींचा शोध सुरू केला, तेव्हां कचेऱ्यांतलीं जुनीं दप्तरें उघडलीं गेलीं आणि मोडी वाचणाऱ्यांना एकाएकीं भाव आला. त्या शोधाच्या बऱ्यावाईटाचा विचार हा येथला विषय नव्हे. पणजोबांचें नांव शोधण्यास आपण केव्हां उठतों, एवढेंच आम्ही दाखवीत आहों.

कागद पुरेसा वाटला नाहीं म्हणून दगडाचा आश्रय केल्याचेंहि उदाहरण आहे. तंजावरच्या दुसऱ्या सरफोजी महाराजांनीं १८०३ सालीं तेथल्या बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर भोसले वंशाचें चरित्र मराठींत खोदविलें. भिंतीच्या भिंती व्यापणारा असा मराठी लेख आम्हांस दुसरा ठाऊक नाहीं. कौतुक करावें तेवढें थोडें. पण दगडावर आल्यानें हकीकत टिकाऊ होते, खरी होतेच असें नाहीं. राज्याचा कारभार इंग्रजांच्या हातीं जाऊन चार वर्षें झाल्यावर तो राजा आपले पूर्वज खोदवीत होता, हें त्या भिंतीपुढें उभें राहिलें असतां विसरतां येत नाहीं.

दंतकथा पूर्वजाला नेहमीं मोठाच करते असेंहि नाहीं. कधीं ती त्याला मुद्दाम लहान करते, म्हणजे पुढची चढण उंच दिसावी. बाळाजी विश्वनाथ हे मिठागरावरचे गरीब कारकून होते आणि शाहूमहाराज सुटून येतांच त्यांचें नशीब एकदम उघडलें, ही कथा आम्हीं लहानपणीं ऐकली. परंतु श्रीवर्धनच्या भटांकडे देशमुखीचें वतन होतें, आणि शाहूमहाराज १७०७ सालीं सुटण्याच्या कितीतरी आधीं बाळाजीपंत पुणें प्रांताचे सरसुभेदार म्हणून कागदांत दिसतात. कारकुनाची गोष्ट रंगते हें खरें. पण तिच्यापायीं त्या माणसाचीं राबण्याचीं वर्षें मात्र कोणी लक्षांत घेत नाहीं.

मग घराण्याच्या कागदांवर विश्वास ठेवूंच नये काय? आमचें म्हणणें तसें नाहीं. ते वाचण्याची एक रीत आहे, आणि ती दाखविण्यास कारीच्या जेधे देशमुखांच्या दप्तराइतकें सोईचें उदाहरण नाहीं. कारी हें भोरकडचें गांव. या एकाच घरांतून दोन कागद आले. पहिला जेधे शकावली. लोकमान्य टिळकांनीं ती मिळवून १९१६ सालीं भारत इतिहास संशोधक मंडळाच्या द्वारें प्रसिद्ध केली. दुसरा जेधे करीना. दोघांचा विषय बराचसा एकच, काळहि बराचसा एकच. परंतु गुण इतके निराळे, कीं एकाच आईचीं हीं दोन मुलें असें सांगून खरें वाटूं नये.

शकावलींत रस नाहीं. शके १५४० पासून शके १६१९ पर्यंत, म्हणजे १६१८ पासून १६९७ पर्यंत, तिथवार त्रोटक नोंदी: अमका जन्मला, अमका वारला, अमका गड घेतला, अमुक ठिकाणीं झुंज झाली. विशेषण नाहीं, उद्गार नाहीं. लिहिणाऱ्याला कोणाची समजूत घालावयाची नाहीं. आणि याच रुक्ष टिपणानें शिवछत्रपतींच्या जन्मतिथीचा प्रश्न ऐरणीवर आणला. तोंवर शके १५४९ ची वैशाख शुद्ध द्वितीया सर्वमान्य होती. शकावलीनें शके १५५१ ची फाल्गुन वद्य तृतीया, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०, पुढें केली. तंजावरच्या ग्रंथसंग्रहांतून पुढें उजेडांत आलेल्या परमानंदाच्या शिवभारतांतहि हीच तिथि निघाली, राजस्थानांत सांपडलेल्या कुंडलीनें दुजोरा दिला, वाद मात्र अनेक दशकें चालला, आणि २००१ सालीं महाराष्ट्र सरकारनें ती तारीख स्वीकारली. ती कुणाच्या उपयोगी पडेल असें नोंद लिहिणाऱ्याच्या स्वप्नींहि नसेल. आमच्या मतें तिच्या विश्वसनीयतेचें बीज तेथेंच आहे.

करीना याच्या अगदीं उलट. त्यांत रस आहे, आणि रस आहे म्हणूनच जपून वाचला पाहिजे. कान्होजी जेध्यांच्या बालपणाची हकीकतच पाहा. भाऊबंदकींत बाप मारला गेलेला, मूल तान्हें. देवजी महाला म्हणून घरचा माणूस त्याला उचलून मोसें खोऱ्यांत नेतो, आणि तेथें बाजी पासलकरांच्या आश्रयानें तें वाढतें. पुढें अफझलखानाच्या स्वारीचा प्रसंग. विजापूरचें फर्मान येतें, कीं खानाच्या सेवेस हजर व्हा. कान्होजी तें फर्मान आणि पांच मुलगे घेऊन शिवाजीमहाराजांकडे जातात. महाराज म्हणतात, उत्रवळीचे खंडोजी खोपडे खानाकडे गेले. तुम्ही न गेल्यास वतन जाईल. तेव्हां कान्होजी वतनावर पाणी सोडतात. नाटककारानें हेवा करावा असा हा प्रसंग आहे. थोडके शब्द, एक कृति, आणि पाठीमागें उभे असलेले पांच मुलगे.

आतां हें सांगतो कोण? जेध्यांचे वंशज. आणि सांगावयाचें काय असतें? वतनाचा हक्क. म्हणजे वतनावर पाणी सोडल्याची कथा वतन टिकविण्यासाठीं सांगितली आहे! हें ध्यानीं आलें तेव्हां आम्हांस प्रथम हसूं आलें आणि मग थोडें ओशाळल्यासारखें झालें. कारण तेवढ्यानें कथा खोटी ठरत नाहीं. कान्होजींच्या नांवचें १६ जून १६५९ चें आदिलशाही फर्मान उपलब्ध आहे; तेव्हां धाक खरा होता. कान्होजी महाराजांकडे राहिले हें तर सर्वश्रुतच आहे; तेव्हां निवड खरी होती. या दोन खुंट्यांच्या मधला संवाद मात्र एकट्या करिन्याचा. तो तसाच झाला असेल, किंवा दोनतीन पिढ्या ओटीवर बसून सांगतां सांगतां त्याला तो आकार आला असेल. आम्ही तो वाचतांना डोळ्यांतून पाणी येऊं देतों, पण साक्ष म्हणून फर्मान पुढें करतों.

आणि त्याच करिन्यांत एक गोष्ट अशी आहे, कीं जिच्यासाठीं आम्ही त्याच्या लेखकाला हात जोडतों. मूल वांचलें, एवढें सांगून वारसाचें काम भागत होतें. तें कोणीं वांचविलें, त्या माणसाचें नांव लिहिण्याचें कारण नव्हतें. देवजी महाल्याचें नांव लिहून जेध्यांच्या वतनांत एक बिघाहि वाढणार नव्हता. तरी तें लिहिलें. घराण्याचे कागद वाचण्याची जी रीत आम्हीं म्हटली ती हीच: ज्या वाक्यानें सांगणाराचा कांहीं लाभ होत नाहीं, तेथें थांबावें. पूर्वज बहुधा तेथें भेटतो.

या कसोटीस उतरणारा एक सबंध ग्रंथच मराठींत आहे, आणि त्यावर कुलवृत्तांताचा शिक्का नाहीं. वरसईचे विष्णुभट गोडसे कर्जाला कंटाळून १८५७ सालीं दक्षिणेच्या आशेनें उत्तरेस निघाले. बायजाबाई शिंद्यांच्या यज्ञाची वार्ता त्यांच्या कानीं आली होती. पुढें ते बंडांत सांपडले, झांशीच्या वेढ्यांत अडकले, लुटले गेले, आणि अखेर आईबापांस स्नान घालण्यासाठीं गंगेची कावड घेऊन घरीं परतले. १८८३ सालीं चिंतामणराव वैद्यांच्या सांगण्यावरून त्यांनीं हें सर्व लिहून काढलें. १९०७ सालीं वैद्यांनीं तें ‘माझा प्रवास’ या नांवानें छापलें. भटजींना कोणापुढें कसलाच हक्क शाबीत करावयाचा नव्हता. म्हणून ते भ्याले तर भ्यालों म्हणतात, उपाशी राहिले तर उपाशी राहिलों म्हणतात, आणि दक्षिणा किती मिळाली व किती गेली याचा हिशेब मनांतून कधीं काढीत नाहींत. या पुस्तकाचेंहि एक उपकथानक आहे. वैद्यांसारख्या विद्वानानें भटजींच्या भाषेवरून हात फिरविला, कांहीं गाळलें, कांहीं नीटनेटकें केलें. मूळ हस्तलिखिताबरहुकूम पाठ १९६६ सालीं दत्तो वामन पोतदारांनीं प्रसिद्ध केला, तेव्हां वाचकांना खरे भटजी दिसले. दोन्ही पाठ शेजारीं ठेवून वाचावे. लग्नाला नेण्यापूर्वीं पोराचे केंस विंचरावे तसें वैद्यांनीं केलें आहे. प्रेमानेंच केलें आहे. प्रत्येक कुलवृत्तांताच्या संपादकाच्या खिशांत तो कंगवा असतो.

आतां तें पान.

आमच्या खापरपणजोबांचे वडील तीन भावांपैकीं मधले. वंशवृक्षांत त्यांच्या नांवाखालीं ‘काशीस गेले, तेथेंच निवर्तले, पुत्र एक’ एवढेंच आहे. आमची आजी सांगे, कीं मूल पाळण्यांत असतांना ते मध्यरात्रीं उठून गेले आणि काशींत त्यांनीं संन्यास घेतला. घराण्यांत एक यति होऊन गेला, याचा आम्हां मुलांना मोठा अभिमान असे. पितृपक्षांत संन्याशांची म्हणून जी द्वादशी, त्या दिवशीं आमच्या घरीं त्यांच्या नांवें पान वाढीत, अजूनहि वाढतात.

हस्तलिखितासोबत संपादकांनीं आपल्या टांचणांचें एक बाड पाठविलें होतें. तें त्यांनीं चुकून पाठविलें कीं बुद्ध्या, हें आम्हांस अद्याप उमगलेलें नाहीं. त्यांत दोन उतारे होते. पहिला गांवच्या घरच्या रोजकीर्दीतला, शके १७६३ चा, म्हणजे १८४१ सालचा. त्या दिवशीं घरांत पालाशविधि झाला. परागंदा झालेल्या माणसाची बारा वर्षें वार्ता लागली नाहीं म्हणजे पळसाच्या तीनशें साठ देंठांची प्रतिमा करून तिला अग्नि देतात, तो हा विधि. खर्चाच्या रकमा ओळीनें आहेत: दर्भ, तीळ, भिक्षुकांची दक्षणा, शिधा. आणि शेवटीं, न्हाव्यास नारळ व दोन आणे.

ही ओळ आम्हीं तीनदां वाचली. विधि झाला म्हणजे घरांतली सवाशीण विधवा झाली. न्हावी कशासाठीं आला होता, हें वाचकांस सांगावयास नको. आणखी एक गोष्ट लक्षांत आली. संन्याशासाठीं कोणी पालाशविधि करीत नाहीं. तेव्हां १८४१ सालीं आमच्या घरांत कोणीहि त्यांना संन्यासी समजत नव्हतें. हरवलेला माणूस समजत होते. संन्यास त्यांना मागाहून, बहुधा आमच्या पणजोबांच्या काळीं, घरानें दिला.

दुसरा उतारा नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वहींतला, शके १७६९ चा. म्हणजे विधि होऊन सहा वर्षें झाल्यावर हा गृहस्थ गोदावरीवर येऊन, आपल्या गांवच्या यजमानांची वही काढवून, तींत स्वहस्तें नांव लिहून गेला होता. वस्ती वऱ्हाडांतली. बापाचें नांव, आजाचें नांव, दोन्ही भावांचीं नांवें. प्रथम संबंध, तिचा एक पुत्र. द्वितीय संबंध, तिचे दोन पुत्र.

टीकेचा धंदा करणारानें आपल्याला सोईचा पुरावा अधिक कसून तपासावा. आपल्याकडे नातवाला आजोबांचें नांव ठेवतात, त्यामुळें एकाच घरांत तेंच नांव आणि तेंच बापाचें नांव एक पिढी सोडून पुन्हा उभें राहतें. कागदांतला माणूस कोणता हें ठरवितांना चांगले चांगले संशोधक ठेंच खातात. त्यांत कालगणनेचा घोळ: शके वेगळा, फसली वेगळी, आणि सुहूर सन तर अरबी आंकड्यांच्या शब्दांत, म्हणजे इहिदे सबैन मया व अलफ लिहिलें कीं ११७१ समजावें आणि त्यांत ५९९ किंवा ६०० मिळवून १७७०-७१ काढावें. आमच्या प्रकरणीं शक स्पष्ट होता, पण नांवाची शंका होतीच. म्हणून आम्ही स्वतः नाशिकास गेलों. उपाध्यायांच्या आजच्या पिढीनें वही उघडून दिली. घरच्या एका कर्जरोख्यावर मधल्या भावाची सही आहे, तिची छायाप्रत आम्हीं नेली होती. मोडी ‘ज’ ची तीच ओढ, शेवटच्या अक्षराखालचा तोच फरांटा. तिघां भावांचीं नांवें त्याच क्रमानें दुसऱ्या कोणत्याहि पिढींत येत नाहींत, हें वंशवृक्षावरून आधींच पाहून ठेविलें होतें. शंकेला जागा अगदींच नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. पण फारच थोडी आहे.

आमच्याच कसोटीनें या वहीकडेहि संशयानें पाहिलें पाहिजे. तीहि दाव्याचाच कागद. परदेशीं वाढणाऱ्या दोन मुलांना उद्यां कोणी तुम्ही कोण म्हणून विचारलें, तर नाशिकच्या वहींत बापाच्या हातचें लिहिलेलें असावें, यासाठीं तो आला असणार. मग पहिल्या बायकोचें नांव त्यानें कां लिहिलें? त्या नांवानें त्या दोन मुलांचा कांहींच लाभ नव्हता. झाला तर तोटाच. तरी लिहिलें. तेवढ्यानें तो माणूस निर्दोष ठरत नाहीं. घरीं आपली प्रतिमा जळाली आहे आणि जिचें नांव आपण लिहीत आहों ती डोकें झांकून मागल्या पडवींत वाती वळीत बसली आहे, हें त्याला ठाऊक होतें कीं नव्हतें, हें वही सांगत नाहीं.

आजीच्या गोष्टींत ही बाई होती, पण तिला नांव नव्हतें; ती नुसती ‘सोंवळ्या आजी’. कुलवृत्तांतांत तिच्या जागीं रेघ आहे. संपादकांनीं सुनांचीं माहेरचीं आणि सासरचीं अशीं दोन्ही नांवें मिळविण्यासाठीं जिवाचें रान केलें, आणि बहुतेक ठिकाणीं तीं मिळविलीं, हें त्यांच्या ग्रंथाचें फार मोठें भूषण आहे. पण येथें रेघ आहे. आमच्या घराण्याच्या साऱ्या कागदांत तिचें नांव एकाच जागीं आहे, आणि तें जो तिला टाकून गेला त्याच्या हातचें आहे.

उतारा हातीं असून तो ग्रंथांत कां घेतला नाहीं, असें आम्हीं संपादकांस पत्रानें विचारलें. (आमची पहिली भावना मात्र, खरें सांगावयाचें तर, त्यांनीं तो गाळला म्हणून सुटकेचीच होती, विचार मागाहून आला.) त्यांचें उत्तर सविस्तर आणि समंजस आहे. मेलेला माणूस आपली बाजू सांगावयास येत नाहीं. वही दुसऱ्याचीहि असूं शकेल. वऱ्हाडांतल्या शाखेचा पत्ता लागलेला नसतां अर्धीच गोष्ट छापणें बरें नव्हे. पुढें ते लिहितात, ‘तुम्हांला त्यांत वाङ्मय दिसत असेल, मला त्यांत पांच पिढ्यांची श्रद्धा दिसते.’ आणि शेवटीं, थोड्या त्राग्यानें, ‘मग काय, त्या बाईंचें श्राद्ध यापुढें अविधवा नवमीस करावयाचें?’

त्यांनीं तो प्रश्न थट्टेनें केला, आम्हांस मात्र तो थट्टेचा वाटला नाहीं. रोजकीर्दीवरून ती शके १७७५ त वारली. त्या दिवशीं तो वऱ्हाडांत हयात असेल, तर शास्त्राप्रमाणें ती सवाशीण गेली आणि तिची तिथि नवमीच. तो आधीं गेला असेल, तर नव्हे. उत्तर वऱ्हाडांतल्या कोणत्या तरी घरीं, कोणत्या तरी पेटींत असेल. त्या घराण्यानेंहि एव्हांना आपला कुलवृत्तांत छापला असेल. त्यांत मूळ पुरुष कोंकणांतून कसा आला याची कांहीं तरी शौर्याची हकीकत असेल, आणि पहिल्या बायकोच्या जागीं रेघ असेल.

हस्तलिखित आम्ही काल टपालानें परत धाडलें. त्या रेघेवर, मिळेल तेवढ्या बारीक अक्षरांत, आम्हीं तें नांव पेन्सिलीनें लिहिलें आहे. संपादकांना तें खोडतां येईल. येथें आम्ही तें देत नाहीं, कारण आधीं तें त्या पानावर यावयास पाहिजे. प्रस्तावना त्यांचें उत्तर आल्यावर लिहूं, असें सोबतच्या चिठींत कळविलें आहे.